गाडीआधी अक्कल तारण ठेवा

स्पोर्ट्स कार घ्यायचीय? अभिनंदन! गेल्या शनिवारी मीही वरळीच्या एका शोरूममध्ये त्याच कामाला जाऊन आलोय, तेव्हा माझं ताजं शहाणपण फुकट घ्या.

आत शिरल्याबरोबर लाल गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवून मोठ्याने "आईशप्पथ!" म्हणा. सेल्सवाल्या पोराने ते ऐकलं की सवलतीचा विषय मिटला. बायकोला घरीच ठेवा, ती किंमत विचारते.

किंमत विचारायचीच नसते. "हप्ता किती बसेल?" एवढंच.

सवलत मिळालीच तर डोळे भरून येऊ द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि त्यावरचा सेस जाऊन सरसकट ४० टक्के झाला, त्यामुळे उतरलेली किंमत "सर, खास तुमच्यासाठी" म्हणून सांगतात. उपकार विसरू नयेत.

मग ऑन-रोडचा, म्हणजे कर-विमा सगळं धरून एकूण किमतीचा कागद येतो. ४० लाखांच्या पेट्रोल गाडीला आरटीओचा कर १३ टक्के, म्हणजे ५ लाख २० हजार. तिथे कुणाचंच चालत नाही. टीसीएस, म्हणजे शोरूमने आपल्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, १ टक्का, ४० हजार. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण सीएला कशाला त्रास? त्याखाली हँडलिंग चार्जेस. दुकानदाराने स्वतःच्या दुकानात माल आणला, त्याची हमाली गिऱ्हाइकाने द्यायची. द्या.

विमा तिथलाच घ्या. बाहेर तीच पॉलिसी मला ६० हजारांनी स्वस्त मिळत होती, पण "बाहेरची असली तर कॅशलेस होत नाही, सर." कॅशलेस म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने परस्पर वर्कशॉपला देणं. धादांत खोटं. कॅशलेस विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्या करारावर ठरतं, पॉलिसी कुणी विकली त्यावर नाही. पण पोराचा चेहरा इतका निरागस, की मलाच अपराधी वाटलं.

आता कर्ज. फायनान्सवाला टाय सारखी करत म्हणतो, "फक्त ७ टक्के, सर. बँक ९ घेते." तुम्ही खूश व्हा. मीही झालो. मग घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. हे ७ टक्के फ्लॅट! ३० लाख, ५ वर्षं, व्याज साडेदहा लाख, हप्ता ६७,५००. म्हणजे मुद्दल दर महिन्याला फेडत जायचं, आणि व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण ३० लाखांवर. चौथ्या वर्षी अर्ध्याहून जास्त कर्ज फिटलेलं असतं, तरी व्याज पहिल्या दिवसाइतकंच! घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या कर्जावरच व्याज धरून हिशेब मांडला तर हा दर साडेबाराच्या घरात जातो. बँकेच्या खऱ्या ९ टक्क्यांचा हप्ता साधारण ६२,२७५. महिन्याला सव्वापाच हजारांचा फरक, पाच वर्षांत तीन लाखांवर. मी फोन करून विचारलं, रिड्यूसिंगने, म्हणजे घटत्या शिलकीवर, दर किती ते सांगा. तर म्हणे, "सर, सगळे कस्टमर हेच घेतात." अरे, सगळे घेतात म्हणून? शाळेत सरळव्याजाची गणितं कुणी केली नव्हती का?

शून्य ते शंभर सहा सेकंदांत? कोस्टल रोडवर ८० ची मर्यादा आहे, चार सेकंदांत आटपा.

सोसायटीचा उतार आणि गाडीचं पोट यांची उंची मोजू नका. आवाज आला की कळतंच.

"ऑफर आज संध्याकाळपर्यंतच" म्हटलं की लगेच पैसे भरा. मी २१ हजार भरले. पावतीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात काय लिहिलंय ते कोण वाचतं? मी तरी वाचलं नाही.

आणि तुम्हीही वाचणार नाही, ठाऊक आहे मला! दादरच्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी म्हातारीशी पाच रुपयांवरून वाद घालता, आणि एसीत कुणी कॉफी पुढे केली की नऊ ठिकाणी मुकाट सह्या करता. कागद घरी आणा ना! हँडलिंगवर काट मारून परत द्या, विम्याचे तीन भाव काढा, आधी आपल्या बँकेत जाऊन कर्ज मंजूर करून घ्या आणि मग शोरूमची पायरी चढा. लाजता कसले? पैसे तुमचे आहेत. "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून पोरगा काचेच्या केबिनमध्ये गेला की उठून चालायला लागा, लिफ्टपर्यंत पळत येतो की नाही बघा.

मी बसून राहिलो. आता २१ हजार परत मागतोय. सकाळपासून तीन फोन झाले, मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत.