उंच छत आणि टेकलेले गुडघे

गेल्या महिन्यात आमच्या ठाणे-नवी मुंबईच्या ख्रिस्ती ग्रुपांवर एकच मेसेज तीनदा फिरला. सोबत दोन फोटो. एक वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चचा, दुसरा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या हॉलचा. म्हणणं असं: ख्रिस्ती माणूस पहिल्यापासून उंच, भव्य चर्चमध्येच उपासना करत आला, मग व्हॅटिकन परिषदेने (साठच्या दशकात रोममध्ये भरलेल्या जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) वेदी फिरवली, पुतळे काढायला लावले आणि धाक गेला, आता सिमेंटच्या खोक्यांत मिस्सा, म्हणजे रविवारची मुख्य उपासना, होते, म्हणून पोरं गुडघे टेकत नाहीत.

वास्तूचा भक्तीवर परिणाम होतो, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो परिणाम नेमका कशामुळे होतो, याबद्दल. (आणि वसईच्या त्या फोटोत छत उंच काय, छतच नाही.)

आधी ते ‘पहिल्यापासून’. पहिली तीनेकशे वर्षं ख्रिस्ती लोक बहुतेक घरांतच जमत. सीरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपोस इथे उत्खननात असं एक घर सापडलं. इसवी सन 240 च्या सुमारास कुणीतरी आपल्या राहत्या घराची मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली, शेजारच्या लहान खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड बांधलं, भिंतींवर चित्रं काढली. बाहेरून ते गल्लीतलं साधं घरच. त्या काळी पकडलं गेलं तर जीव जाऊ शकत होता, तरी लोक यायचे. धाक छताच्या उंचीतून येत नव्हता. 313 नंतर उघडपणे जमता येऊ लागलं, तेव्हा मोठ्या चर्चसाठी आराखडा घेतला तो रोमन बॅसिलिकेचा. बॅसिलिका म्हणजे कोर्टाची आणि सौद्यांची सार्वजनिक इमारत. आजच्या भाषेत कम्युनिटी हॉलच की.

दुसरा मुद्दा लवकर उरकतो. पुतळे काढा, असं परिषदेने सांगितलंच नाही. उपासनेवरचा तिचा दस्तऐवज डिसेंबर 1963 चा. त्यात पवित्र प्रतिमा ठेवण्याची प्रथा चालू राहावी, फक्त त्यांची गर्दी नको, असं आहे. वेदी लोकांकडे तोंड करूनच हवी, असा हुकूमही त्यात नाही. वेदी भिंतीपासून सुटी असलेली बरी, म्हणजे तिच्याभोवती फिरता येईल आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा करता येईल, हे आलं 1964 च्या सूचनापत्रात. पुढे जिथे पुतळे खरंच हलले, तिथे ते त्या त्या ठिकाणच्या उत्साहाने हलले. त्याबद्दल ओरडायचं असेल तर जरूर ओरडा, पण नाव बरोबर घ्या.

दिशेला अर्थ असतो, हे मात्र खरं. केरळच्या सिरो-मलबार या कॅथलिक चर्चमध्ये 2021 साली धर्मगुरूंनी मिस्सेचा अर्धा भाग लोकांकडे आणि अर्धा वेदीकडे तोंड करून करायचा ठरला, तेव्हा एर्नाकुलममध्ये केवढा गदारोळ झाला! माणसं उगाच इतकी भांडत नाहीत.

तिसरा मुद्दा सिमेंटचा. दादरचं पोर्तुगीज चर्च सत्तरच्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी नव्याने बांधलं, तेही काँक्रीटमध्येच. वर शंखासारखी कवचं, त्यांतून उतरणारा उजेड, मध्ये मोकळी अंगणं. आत पाऊल टाकलं की आवाज आपोआप खाली येतो. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी हेच एक कोरिया. तेव्हा खापर काँक्रीटवर फोडू नका. तिथे डोकं लावलं गेलं आणि आपल्याकडे बहुतेकदा फक्त चौरस फूट मोजले जातात, हा फरक आहे.

आता हॉल. नवी मुंबईतल्या अशाच एका हॉलमध्ये मी सहा वर्षं मिस्सेला जात होतो. शनिवारी रात्री तिथे रिसेप्शन, रविवारी सकाळी आम्ही. खुर्चीखाली झेंडूच्या पाकळ्या, हवेत आदल्या रात्रीच्या बिर्याणीचा वास. पहिली दोन वर्षं लोक गप्पा मारतच आत यायचे आणि गप्पा मारतच बसायचे. मग एका म्हाताऱ्या मावशींनी दाराशी स्टूल ठेवून त्यावर पवित्र पाण्याची वाटी ठेवायला सुरुवात केली. बोट बुडवून क्रूसाची खूण करायला माणूस क्षणभर थांबतो आणि त्या थांबण्यात गप्पा तुटतात. पुढे कुणीतरी मधली वाट रुंद केली, कुणी टॅबरनॅकलजवळचा (पवित्र भाकर ठेवतात त्या पेटीजवळचा) लाल दिवा उंच टांगला, म्हणजे मागच्या रांगेतूनही दिसावा. छत होतं तेवढंच राहिलं, साडेदहा फूट. गुडघे टेकायला फळी नव्हती, तर लोक घरून वर्तमानपत्र आणायचे, घडी घालून लादीवर टेकायचे.

याउलट एका जुन्या, जाड भिंतींच्या, उंच चर्चमध्ये मी लग्नाचा फोटोग्राफर वेदीच्या पायरीवर बूट घालून चढलेला पाहिलाय. छताने त्याला काही सांगितलं नाही.

म्हणजे इमारत काम करते ती उंबऱ्यावर, वाटेवर, उजेडात आणि आवाजात. उंच दगडी वास्तूत आवाज काही सेकंद घुमत राहतो. संथ लॅटिन गायनाला ते शोभतं, पण मराठी प्रवचनाचा तिथे चिखल होतो. आणि गुडघ्यांचंच म्हणाल, तर 1969 साली रोमने भारतासाठी मान्य केलेल्या, उपासनेतल्या भारतीय रीतींच्या बारा मुद्द्यांत गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकून केलेला नमस्कार चालतो, पादत्राणं बाहेर काढता येतात. आमच्या हॉलमध्ये सहा वर्षांत कुणी चपला काढल्या नाहीत, कारण दाराशी त्या ठेवायला जागाच नव्हती.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी दोघे ठाण्यातच राहतात. त्यांना मी उत्तरात एवढंच लिहिलं, की पुढच्या रविवारी पंधरा मिनिटं आधी या, खुर्च्या सरकवायला माणसं कमी पडतात. एकाने होकाराचा अंगठा पाठवला. दुसऱ्याच्या नुसत्या निळ्या टिक्स दिसतात.