'डिस्कार्ड दाबा' म्हणणारा मेसेज अल्बमचे रंग बिघडवतो, तो असा

लग्नसराई आली की छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडपासून नांदेडपर्यंतच्या फोटोग्राफर आणि अल्बम डिझायनरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: फोटोशॉपमध्ये प्रोफाइल मिसमॅचची खिडकी आली की 'डिस्कार्ड' दाबा, कलर सेटिंग्जमध्ये मॉनिटरचंच प्रोफाइल लावा, म्हणजे दिसतं तसंच छापून येईल, कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर ठेवा, प्रिंटला जाणारं सगळं सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची पद्धत) करा, आणि एवढं करूनही रंग गेला तर तो फोटो गेला म्हणून समजा. यातला एकही सल्ला पाळण्यासारखा नाही. सगळ्यात जास्त नुकसान पहिल्यानं होतं.

'डिस्कार्ड दाबा.' फोटोतला प्रत्येक पिक्सेल म्हणजे लाल, हिरवा, निळा (आरजीबी) असे तीन आकडे. ते कोणत्या मापानं वाचायचे, हे प्रोफाइल सांगतं. एसआरजीबी आणि ॲडोबी आरजीबी ही अशीच दोन मापं, यांनाच कलर स्पेस म्हणतात. सातबाऱ्यावर क्षेत्र '२' लिहिलंय, पण एकर की हेक्टर तेच खोडून टाकलं, तर जे होईल तेच डिस्कार्डनं होतं. एसआरजीबीमधला भडक लाल म्हणजे २५५, ०, ०. अगदी तोच लाल ॲडोबी आरजीबीमध्ये २१९, ०, ० असा लिहिला जातो. प्रोफाइल काढून टाकलेली ही फाइल लॅबमध्ये गेली की तिथलं मशीन तिला एसआरजीबी धरतं आणि २१९ चा लाल मळकट छापतं. त्यातही हिरव्याचे हाल जास्त, कारण दोन्ही कलर स्पेसमध्ये लाल आणि निळ्याची टोकं एकच आहेत, फरक हिरव्याच्या टोकाचा आहे. म्हणून पैठणीचा मोरपंखी काठ विटका दिसतो आणि नवरीचा चेहरा निस्तेज होतो. मग कोणीतरी सॅच्युरेशन वाढवतं. गालांवर लाल चट्टे उठतात आणि जरीच्या पिवळ्यातले बारकावे जातात.

त्या खिडकीत 'यूज द एम्बेडेड प्रोफाइल' निवडायचं. एडिट मेनूतल्या कलर सेटिंग्जमध्ये (कंट्रोल+शिफ्ट+के) आरजीबी वर्किंग स्पेस (फोटोशॉपनं कामासाठी धरायचं माप) एसआरजीबी ठेवा, पॉलिसी 'प्रिझर्व्ह एम्बेडेड प्रोफाइल्स' ठेवा आणि खालचे तिन्ही 'आस्क' टिक करा. ही खिडकी त्रास देण्यासाठी नसते, फाइल वेगळ्या मापात आहे हे सांगायला येते. आयफोनचा डिस्प्ले पी३ (आणखी एक कलर स्पेस) मधला फोटो एसआरजीबीच्या अल्बम पानावर पेस्ट करताना विचारणा झाली, तर 'कन्व्हर्ट' निवडा. 'डोन्ट कन्व्हर्ट'नं आकडे तेच राहतात आणि रंग उतरतो. शेवटी 'एक्स्पोर्ट ॲज'मध्ये 'कन्व्हर्ट टू एसआरजीबी' आणि 'एम्बेड कलर प्रोफाइल' दोन्ही टिक हवेत. एसआरजीबी प्रोफाइलचं वजन जेमतेम ३ केबी, त्यामुळे फाइल जड होते ही तक्रार सोडून द्या.

'मॉनिटरचं प्रोफाइल वर्किंग स्पेस करा.' मॉनिटरचं प्रोफाइल फोटोशॉप विंडोजकडून आपोआप घेतं. ते वर्किंग स्पेसमध्ये लावलं की तुमच्या फायली तुमच्या एका स्क्रीनशी बांधल्या जातात. 'मॉनिटर प्रोफाइल डिफेक्टिव्ह' असा एरर येत असेल, किंवा पांढरा कागद पेंटमध्ये पांढरा आणि फोटोशॉपमध्ये पिवळसर दिसत असेल, तर दोष विंडोजमधल्या प्रोफाइलचा आहे. विंडोजच्या सर्चमध्ये 'कलर मॅनेजमेंट' उघडा, तो मॉनिटर निवडा, 'यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस' टिक करा, 'ॲड'मधून एसआरजीबी आयईसी ६१९६६-२.१ घ्या, ते डीफॉल्ट करा, जुनं काढा आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा चालू करा. हा तात्पुरता इलाज झाला. खरा इलाज कॅलिब्रेशन यंत्राचा: ६५०० केल्विन, गॅमा २.२, उजेड १०० कॅन्डेलाच्या आसपास. नाइट लाइट बंदच हवा.

'कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर ठेवा.' रॉ (सेन्सरचा प्रक्रिया न केलेला डेटा) काढत असाल तर या सेटिंगनं रॉ डेटा बदलतच नाही. फक्त आतला जेपीजी प्रीव्ह्यू आणि हिस्टोग्राम बदलतो. थेट जेपीजी काढून लॅबला देणार असाल तर एसआरजीबीच ठेवा.

'सगळं सीएमवायके करा.' अल्बमच्या फोटो पेपरवर लेझरनं उजेड पाडून छपाई होते, तिला आरजीबीच फाइल लागते. आधीच सीएमवायके केलं की गर्द निळा आणि पोपटी दबतो, आणि परत आरजीबी केल्यानं तो येत नाही. लग्नपत्रिका ऑफसेटवर छापायची असेल तर सीएमवायके लागतं, पण प्रेस सांगेल त्या प्रोफाइलमध्ये. फोटोशॉपमध्ये बहुतेक ठिकाणी आधीपासून असलेलं 'यूएस वेब कोटेड स्वॉप' अमेरिकेतल्या वेब ऑफसेटसाठीचं आहे. आधी 'प्रूफ सेटअप'मध्ये प्रेसचं प्रोफाइल लावून कंट्रोल+वायनं पाहून घ्या. फ्लेक्सच्या मशीनचं रिप सॉफ्टवेअर शाई आणि मटेरियलप्रमाणे स्वतःच रूपांतर करू शकतं, म्हणून फ्लेक्सवाल्यांना कोणती फाइल हवी ते विचारूनच द्या.

'बिघडलेला फोटो गेला.' सीएमवायके करून दबलेल्या रंगांपुरतं हे खरं आहे, तिथे रॉकडेच जावं लागतं. डिस्कार्डनं बिघडलेल्या फायली मात्र बहुतेक वेळा परत येतात, त्यानंतर सॅच्युरेशनशी खेळ झालेला नसला तर. फाइलची कॉपी उघडा, एडिटमधून 'असाइन प्रोफाइल' घ्या, प्रीव्ह्यू चालू ठेवून आधी एसआरजीबी, मग ॲडोबी आरजीबी, मग डिस्प्ले पी३ लावून पाहा. या तिन्हींमध्ये पांढरा आणि करडा जवळपास सारखाच दिसतो, म्हणून धोतराकडे पाहून काही कळणार नाही. त्वचा आणि ओळखीच्या रंगाची साडी पाहा. जे बरोबर दिसेल ते असाइन करा, मगच 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल'नं एसआरजीबी करा. इंटेंट रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू. क्रम उलटा झाला तर चुकलेला रंगच पक्का होतो. शेकडो फोटो असतील तर या दोन पायऱ्यांची ॲक्शन रेकॉर्ड करून 'ऑटोमेट'मधल्या 'बॅच'नं चालवा, पण एका वेळी एकाच कॅमेऱ्याच्या फोल्डरवर. दुसऱ्या फोटोग्राफरचा कॅमेरा एसआरजीबीवर असेल तर त्याच ॲक्शननं त्याचे सगळे चेहरे लालभडक होतील. कॅनन-निकॉनमध्ये ॲडोबी आरजीबीच्या फाइलचं नाव अंडरस्कोरनं सुरू होतं. नाव बदललेलं नसेल तर त्यावरून फोल्डर वेगळे करता येतात.