डेट्रॉइटची जीटीओ, ब्रिटनची एमजी आणि बडोद्याची कॉन्टेसा

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते, तेव्हापासून बडोद्यातील माझ्या मोटारवेड्या मित्रमंडळींत एक वाद धुमसत आहे. एका गटाला ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार हीच काय ती खरी मोटार वाटते, आणि अमेरिकी मसल कार, म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत भलेमोठे इंजिन, हा निव्वळ आडदांडपणा. दुसऱ्या गटाच्या मते त्या ठेंगण्या ब्रिटिश गाड्या ही हौशी लोकांची खेळणी आहेत. दोघांचे एकमत होते ते एकाच मुद्द्यावर : हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाला ‘देशी मसल कार’ म्हणणाऱ्या पोरांना मोटारीतले काही कळत नाही. मी अमेरिकी मोटारउद्योगाचे माहेरघर असलेल्या डेट्रॉइटजवळ राहत असल्यामुळे या वादात माझी साक्ष काढली जाते. ती दोन्ही गटांना फारशी रुचणार नाही.

मुळात या दोन घराण्यांच्या मोटारी कोणाच्या स्वभावातून जन्मल्या नाहीत. रस्ते, कर आणि पेट्रोलचा भाव यांनी त्या घडवल्या. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षे मोटारीवरील कर सिलिंडरच्या व्यासावरून ठरत असे, त्यामुळे लहान व्यासाची, बेताच्या ताकदीची इंजिने करण्याची तेथील कारखान्यांना सवय जडली. १९६२ साली आलेल्या एमजीबी या एमजी कंपनीच्या स्पोर्ट्‌स कारचे इंजिन अवघे १,७९८ सीसीचे आणि सुमारे ९५ अश्वशक्तीचे होते, पण कुंपणांमधून वळत जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर हलक्या गाडीला तेवढे पुरत असे.

अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होते, रस्ते सरळ होते आणि इंजिनाच्या आकाराला कराची भीती नव्हती. जनरल मोटर्सनेच स्वतःवर एक बंधन घालून घेतले होते, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही. जनरल मोटर्सच्याच पाँटिॲक विभागातील अभियंते जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ च्या टेम्पेस्ट या मध्यम गाडीला ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे इंजिन ‘ऐच्छिक सोय’ म्हणून देऊन त्या बंधनातून पळवाट काढली, आणि जीटीओ अवतरली. मसल कारची परंपरा म्हणून जिचे गोडवे गायले जातात, तिच्या मुळाशी अशी एक कार्यालयीन चलाखी आहे! पुढे विम्याचे हप्ते भडकले, १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आला, १९७३ मध्ये तेलाचा पुरवठा आखडला, आणि दहा वर्षांच्या आत हा सगळा खेळ आटोपला.

दर ऑगस्टमध्ये येथील वूडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, आणि लोक पदपथावर घडीच्या खुर्च्या टाकून दिवसभर गाड्या पाहत बसतात. सिग्नलला उभ्या असलेल्या जीटीओचा ॲक्सिलरेटर चालकाने नुसता दाबला, तरी इंजिनाच्या पिळामुळे सगळी गाडी एका अंगाला झुकते. अर्धवट जळालेल्या पेट्रोलचा वास नाकात जातो आणि खुर्चीखालची जमीन थरथरते. तिच्या मागे एखादी एमजीबी असली, तर तिचा चालक इतका खाली बसलेला असतो की दारावरून हात सोडला तर डांबराला लागावा. मला विचाराल तर मी त्या एमजीबीत बसेन, कारण वूडवर्डसारखा सरळ रस्ता मला कंटाळवाणा वाटतो. मात्र ही झाली माझी आवड, आणि तिच्या जोरावर जीटीओवाल्याला अरसिक ठरवण्याचा अधिकार मला मिळत नाही. येथे तसे कोणी ठरवतही नाही. वाद होतात ते कार्ब्युरेटर (इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) मूळचा आहे की बदललेला यावर.

आता कॉन्टेसाविषयी. १९८४ च्या सुमारास आलेल्या या गाडीचा सांगाडा व्हॉक्सहॉल कंपनीच्या १९७० च्या दशकातील व्हिक्टर मालिकेचा होता, आणि व्हॉक्सहॉल ही तेव्हा जनरल मोटर्सचीच ब्रिटिश शाखा होती. म्हणजे लांब बॉनेट आणि रुंद छातीचे ते रूप पोरांच्या कल्पनेतून आलेले नाही. जीटीओशी त्याचे दूरचे का होईना, नाते आहे. बॉनेटखाली मात्र सुरुवातीला ॲम्बॅसडरचे १,४८९ सीसीचे इंजिन होते, जे गाडीच्या वजनाला अगदीच तोकडे पडे. पण हेच इंजिन ब्रिटनमध्ये एमजीए या स्पोर्ट्‌स कारमध्ये बसत असे, आणि एमजीबीचे इंजिन त्याच कुळातील मोठे भावंड. फीलर गेजची पातळ पट्टी घालून ॲम्बॅसडरच्या टॅपेटमधली फट जुळवणाऱ्या बडोद्याच्या रावपुऱ्यातील मिस्त्रीला एमजीचे इंजिन परके वाटण्याचे कारण नाही. माझ्या मित्रांचे दोन्ही पक्ष असे एकाच कॉन्टेसात नांदत असताना तिलाच पंगतीतून उठवण्यात काय हशील आहे? बडोद्याजवळच्या हालोलच्या कारखान्याचेही तसेच : तेथे २०१७ पर्यंत जनरल मोटर्सच्या गाड्या तयार होत होत्या, आणि २०१९ पासून एमजीच्या नावाच्या निघतात, सुरुवातीला मालकी चिनी कंपनीकडे असली तरी.

मित्रांनी भांडावेच, तर नियमांवर भांडावे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. नोंदणीला २०,००० रुपये पडतात, आणि एवढे करूनही ती रोजच्या वापराला काढता येत नाही. डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांच्या ‘ऐतिहासिक’ नंबरपाटीसाठी २५ वर्षांची अट आहे. तेथेही वापर प्रदर्शने, मिरवणुका अशा प्रसंगांपुरताच आहे, पण ऑगस्ट महिन्यात मोकळीक असते. रोजच्या वापरावरील बंदी मला मान्य आहे, कारण जुन्या इंजिनांचा धूर काही सुगंधी नसतो. पन्नाशीची अट मात्र खटकते. तिच्यामुळे राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस सहज आत येतात आणि पहिल्या कॉन्टेसाला २०३४ पर्यंत थांबावे लागते. तोवर तिचा मालक पंधरा वर्षे उलटलेल्या कोणत्याही खटाऱ्याप्रमाणे दर पाच वर्षांनी आरटीओच्या रांगेत उभा राहणार, आणि सुटे भाग मिळेनासे झाले की कंटाळून गाडी भंगारात घालणार. वयाची अट ३० वर्षांवर आणावी असे निवेदन बडोद्यातील हौशी मंडळींनी परिवहन मंत्रालयाकडे धाडावे. मसुदा मी लिहून देतो, सह्या मात्र दोन्ही गटांच्या हव्यात.