कोरडी मिसळ

"जावईबापू, उसळ झ्याक झालीया. पर रस्सा विसरलासा."

हे वाक्य काल रात्री पावणेनऊला माझ्याच टेबलाशी बसून उच्चारलं गेलं आणि मला ते अजून पचलेलं नाही. बोलणारे माझे मामेसासरे. नात्यानं मान द्यायचा, वयापुढं वाकायचं, आणि ज्या घेवड्याविषयी बोलणं चाललं होतं तो त्यांच्याच रानातला. तिन्हीकडून तोंड बंद.

झालं होतं एवढंच. मामांनी कोरेगावहून येताना दोन किलो वाघ्या घेवडा आणला आणि त्यातल्या एका वाटीचा मी बर्गर केला. मामा माळकरी, म्हणून मांसाबिंसाचा प्रश्नच नव्हता. घेवडा आणि मशरूम, एवढ्यावर भागवायचं होतं. त्यासाठी दोन दिवस खपलो. उसळीला दोन दिवस लागत नाहीत, हे कुणीतरी लक्षात घ्यायला हवं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: वाघ्या घेवडा म्हणजे राजम्याचाच साताऱ्याकडचा भाऊ. अंगावर वाघासारखे पट्टे, 2016 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, आणि एवढा सगळा रुबाब कुकरच्या चौथ्या शिट्टीपर्यंत. शिजला की पट्टे जातात आणि वाघाचा सरकारी कर्मचारी होतो, एकरंगी आणि सुस्त.

एक वाटी म्हणजे साधारण 200 ग्रॅम. रात्रभर, निदान दहा तास भिजवायचा. ते पाणी टाकून द्यायचं आणि ताज्या पाण्यात कुकरला पाच शिट्ट्या, मग दहा मिनिटं बारीक गॅस. इथं आळस नको. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं आणि अर्धेकच्चे मूठभर दाणेसुद्धा रात्रभर उलट्या काढायला पुरतात. ते मोडायला खळखळती उकळी लागते. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारी विजेची भांडी राजम्याला म्हणूनच वापरायची नाहीत. शिजलेला घेवडा अडीचपट भरतो, 480 ग्रॅमच्या आसपास.

आणि इथून युद्ध सुरू होतं. शाकाहारी बर्गर तव्यावर फुटला की लोक म्हणतात बेसन कमी पडलं. मग बेसन घालतात, आणखी घालतात, आणि शेवटी पावात झुणक्याची वडी घालून खातात. बेसन कमी पडलेलं नसतं. पाणी जास्त झालेलं असतं. घेवड्यात पाणी, मशरूममध्ये पाणी, कांद्यात पाणी. तवा तापला की या सगळ्याची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट शोधते. ती वाट म्हणजे तुमच्या टिक्कीला गेलेली चीर.

म्हणून शिजलेला घेवडा तासभर चाळणीत निथळायचा. (खालचं पाणी आमटीत घालावं. भिजवलेलं नव्हे, शिजवलेलं.) मग ताटात एकेरी पसरून ओव्हनमध्ये 180 अंशांवर पंधरा मिनिटं. दाण्यांची सालं तडकतात, तोंडं उघडतात, आणि ते वर्तमानपत्र वाचून धक्का बसल्यासारखे दिसू लागतात. हीच खूण. ओव्हन नसेल तर पंख्याखाली दोन तास. पंख्याखाली घेवडा ठेवून त्याची राखण करत बसलेल्या माणसाकडे घरातले कसे बघतात, हे मी सांगत नाही.

मशरूमची तऱ्हा वेगळी. बटण मशरूमच्या पाकिटावर 200 ग्रॅम लिहिलेलं असतं. त्यातलं 180 ग्रॅमहून जास्त पाणी. म्हणजे आपण पैसे मोजून पाणी आणतो, वर गॅस जाळून ते उडवतो. अशी दोन पाकिटं. हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करायचे, रुंद लोखंडी कढईत, तेल न घालता, मोठ्या आचेवर. आधी ती चुईचुई बोलतात, मग चार-पाच मिनिटांत कढईत तळं होतं. घाबरून झाकण ठेवायचं नाही; झाकण ठेवलं की झाली मशरूमची आमटी. परतत राहायचं. बारा-पंधरा मिनिटांनी आवाज बदलतो, खळखळ जाऊन चरचर येते. आता चमचाभर तेल, बारीक चिरलेला एक कांदा, पाच पाकळ्या लसूण, चहाचा एक चमचा सोया सॉस. मीठ सगळ्यात शेवटी. सुरुवातीला कढईभर डोंगर बघून मीठ घातलं की शेवटी उरलेल्या मूठभर ऐवजात ते सगळं साठतं आणि मग दिवसभर पाणी पीत बसावं लागतं. 400 ग्रॅमचे उरतात सुमारे 130.

एवढं शिजवूनही मशरूमचा लगदा होत नाही. त्याच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, ते उष्णतेनं विरघळत नाही. त्यामुळे दाताखाली चावायला काहीतरी येतं, आणि बर्गरला तेच हवं असतं. हेच कायटिन खेकड्याच्या कवचातही असतं. माळकरी पाहुण्याला वाढताना हे सांगू नये.

पुढचं भराभर सांगतो. पावभाजीच्या मॅशरनं तीन भाग घेवडा ठेचायचा, एक भाग अख्खा ठेवायचा. मिक्सर नाही, कृपा करून नाही. मिक्सरमध्ये त्याचं पुरण होतं आणि ते वरून करपलं तरी आतून चिकटच राहतं. त्यात मशरूम, तीन चमचे खमंग भाजलेलं बेसन, अर्धी वाटी पोह्यांची भरड, जिरेपूड, मिरपूड, आणि दोन चमचे शेंगदाण्याचं कूट. कूट चवीसाठी नाही, तेलासाठी. घेवड्यात आणि मशरूममध्ये स्निग्ध असं काही नसतंच, आणि कूट नसलं तर टिक्की घशात बसते. पोहे उरलंसुरलं पाणी पितात. मग हे सगळं अर्धा तास फ्रीजमध्ये. इंटरनेटवरचे लोक हा अर्धा तास गाळून "तीस मिनिटांत तयार" असं लिहितात. या लोकांना भेटायची माझी फार इच्छा आहे.

आठ टिक्क्या होतात, दीड सेंटिमीटर जाड. आकार बरोबर पावाएवढा. मांसाची टिक्की आक्रसते म्हणून ती पावापेक्षा मोठी थापतात. घेवडा आक्रसत नाही, त्यामुळे मोठी थापली की ती पावाबाहेर जीभ काढून बसते. मध्यम आचेवर, थोड्या तेलावर, एका बाजूनं पाच मिनिटं. या पाच मिनिटांत तिला हात लावायचा नाही. उलथनं हातात असलेल्या माणसाला हे जमत नाही, पण कड तपकिरी होऊन टिक्की आपणहून तवा सोडेपर्यंत थांबायचं. आधी उचकटली तर कवच तव्याला आणि गाभा उलथन्याला.

काल पहिली टिक्की उलटली तेव्हा तिला केसाएवढीही चीर नव्हती. कवच कुरकुरीत, कडा नीट, आत दाणे शाबूत. मी बायकोला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "छान. गॅस पुसून घ्या."

पावाच्या आतल्या बाजू लोण्यावर भाजल्या म्हणजे सॉस मुरत नाही. खाली कोरडं केलेलं लेट्यूसचं पान, त्यावर टिक्की, बिया काढलेल्या टोमॅटोची चकती, कांदा. ताटलीत बाजूला लिंबाची फोड, हा माझा गाढवपणा. तिनं पुढं साक्षीदाराचं काम केलं.

मामा हात-पाय धुऊन बसले. ताटलीकडं बघितलं. मग वरचा पाव टोपी काढावी तसा अलगद उचलला, आत वाकून पाहिलं आणि पुन्हा ठेवला. दोनदा.

"ह्यात आपला घेवडा कुठं हाय?"

मी टिक्कीकडं बोट दाखवलं.

"आन्‌ ह्ये काळं काळं?"

"अळंबी."

"ह्या दिसांत? पाऊस न्हाय, पाणी न्हाय, अळंबी कुठनं आली?"

मी सांगितलं की ही रानातली नव्हे, खोलीत वाढवतात. गव्हाचा भुसा कुजवतात, थंडावा ठेवतात. शेतकरी माणूस, त्यांचे डोळे चमकले.

"खत कंचं?"

इथं मी अडखळलो. बटण मशरूमच्या कंपोस्टमध्ये बहुतेक वेळा कोंबडीखत असतं, आणि समोर तुळशीची माळ. पण खोटं कसं बोलायचं? हळूच म्हणालो, "कोंबडीखत."

"मग मजबूत आसंल," मामा म्हणाले. "आपल्या घेवड्याला बी त्येच असतंय."

एवढं बोलून त्यांनी पावाची टोपी काढून बाजूला ठेवली ("ह्यो सकाळी च्यासंगं हुईल"), टोमॅटो बाजूला सारला, टिक्की ताटलीच्या मध्ये घेतली आणि चार बोटांनी कुस्करली.

कुस्करली. मी ते कवच मोडल्याचा आवाज ऐकला. दहा तास भिजवण, तासभर निथळण, पंधरा मिनिटं ओव्हन, तेवढीच मिनिटं कढई, अर्धा तास फ्रीज, पाच मिनिटं हात न लावण्याचं तप. ही सगळी खटपट ती टिक्की फुटू नये यासाठी होती, आणि ती फोडायला मामांना दोन सेकंद लागले. भाकरी कुस्करावी तितक्या सहज, दुधाची वाट बघत असल्यासारखी. वर कांदा टाकला. लिंबू पिळलं. एक घास घेतला, दुसरा घेतला, मान हलवली, आणि मग ते पहिलं वाक्य आलं.

"मामा, ही उसळ नाही. हा बर्गर आहे."

"आसंल की. पर बघा." त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "घेवडा हाय. पाव हाय. कांदा हाय. लिंबू हाय. पोहं बी घातल्यात म्हंतासा. मग ह्ये काय झालं?"

मी गप्प.

"मिसळ झाली. फरसाण न्हाय आन्‌ तर्री न्हाय, म्हणून कोरडी मिसळ."

बायको ओट्याकडं तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

"मिसळीत मटकी असते," मी म्हणालो. बुडत्याला काडीचा आधार.

"आमच्याकडं घेवड्याची बी चालती."

आता सांगतो, मला बोलता आलं असतं. पाव हा शब्दसुद्धा पोर्तुगीज आहे, हे मला माहीत होतं. घेवडा मुळात अमेरिकेतला; मेक्सिकोकडे आणि अँडीजच्या डोंगरांत तिथल्या लोकांनी तो माणसाळवला आणि कोलंबसानंतरच तो जगभर गेला. मिरचीही तिकडचीच, टोमॅटोही. म्हणजे मामांच्या मिसळीत देशी म्हणण्यासारखं कमीच, आणि माझा बर्गर तिच्याइतकाच परका किंवा तिच्याइतकाच आपला. श्रावणघेवडा म्हणून आपण ज्या कोवळ्या शेंगांची भाजी खातो, त्याही याच जातीच्या. आणि मांसाशिवायचा बर्गर ही काही माझी लहर नव्हे. लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्स यांनी 1982 साली 'व्हेजीबर्गर' नावानं त्याचं पाकीट बाजारात आणलं. कोरडं मिश्रण, पाणी घालून टिक्क्या थापायच्या. पाणी घालून! मी दोन दिवस पाणी काढत होतो.

यातलं एक अक्षरही मी बोललो नाही. मामेसासऱ्यांना मेक्सिको सांगणारा जावई कोरेगाव तालुक्यात पुढची वीस वर्षं चर्चेत राहतो.

राग खरं तर मिसळ म्हटल्याचा नाही. मिसळ थोर आहे. राग याचा, की त्यांनी दुसरी टिक्की मागितली. तीही कुस्करली. मग तिसरी. म्हणजे आवडली होती! चव पोचली होती, फक्त आकाराला किंमत नव्हती, आणि माझे सगळे कष्ट नेमके आकारात गेले होते. घेवडा ठेचून, परतून, वर कूट पेरून मी वाडग्यात दिला असता तर तेच कौतुक वीस मिनिटांत मिळालं असतं. बायकोला हे म्हणालो तर ती म्हणाली, "मी रोज गोल पोळ्या करते. कधी कुणी म्हणालं, काय गोल आहे?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि हा विषय तिनं काढायला नको होता.

उरलेल्या तीन टिक्क्या मी मध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये टाकल्या. महिनाभर टिकतात. काढल्यावर वितळवायच्या नाहीत, वितळल्या की पाणी सुटतं. तशाच गोठलेल्या तव्यावर, बारीक आचेवर, झाकण न ठेवता, प्रत्येक बाजूनं सात-आठ मिनिटं. हे मी बायकोला नीट समजावून सांगितलं.

आज सकाळी मामा कालचा पाव चहात बुडवून खात गावाकडं फोनवर बोलत होते. आवाज नेहमीप्रमाणे कोरेगावला फोनशिवाय ऐकू जाईल एवढा.

"बरं हाय सगळं. जावईबापू सोत्ता रांधत्यात. न्हाय, न्हाय, मिसळ केलीती. चवीला ब्येस." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, म्हणजे फक्त आमच्या मजल्यापुरता ठेवून: "तर्री येत न्हाय त्यास्नी. पुढल्या खेपंला कांदा-लसणीचं तिखट घिऊन या."