शाई फुटण्याच्या आणि वाकड्या कडांच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या हातकागदाच्या संचाबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत: लगद्यातून घडवलेले आकार एकसारखे नाहीत, पेनाने रेघ ओढली की शाई फुटते आणि स्कॅनमध्ये पोत दिसत नाही. सोबत जोडलेली चित्रं मी नीट पाहिली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शाईचं. कागदाला खळ दिलेली असेल तर शाई वर टिकते. नसेल तर तंतू ती शोषून घेतात. हा संच कोलाजसाठी आहे आणि वेष्टनावर तसं छापलंही आहे. त्यातला कागद मुद्दाम बिनखळीचा ठेवलाय. ओल्या ब्रशने रेघ मारून कागद हलक्या हाताने ओढला की कडेला तंतूंची मऊ झालर सुटते. कात्रीने ती कधीच मिळत नाही. रेघ हवीच असेल तर रंगीत पेन्सिल वापरा, किंवा पातळ जिलेटिनचा एक हात देऊन कागद पूर्ण वाळू द्या.

आकारांबाबत मात्र आम्ही बदल करणार नाही. जाळीवर साचा ठेवून त्यात लगदा ओततो. पाणी निथळताना थोडा लगदा साच्याखाली सरकतो, वाळताना कागद आक्रसतो. त्यामुळे प्रत्येक गोलाची कड वेगळी होते. तंतोतंत सारखे गोल हवे असतील तर गिरणीचा कागद आणि पंच हेच योग्य, हे मी कुणालाही सांगेन. तुमच्या पक्ष्याच्या चित्रात पाठीची कड तुम्ही कापून सरळ केलीत, पोटाची तशीच राहिली. पिसं दिसतात ती पोटापाशीच! चित्र आधी ठरवून कागद त्यात बसवण्याऐवजी आकार टेबलावर पसरा, फिरवून पाहा, मग ठरवा. मला या कामातला सगळ्यात आवडता भाग हाच.

स्कॅनरची काच कागदाला दाबते आणि त्याच्या प्रकाशात बारीक सावल्या पुसल्या जातात. कॅमेरा बरोबर वरून धरा, दिवा एकाच बाजूला, कागदाच्या पातळीजवळ ठेवा. उंचसखलपणा लगेच उठून दिसेल.

न वापरलेले आकार परत पाठवलेत तर तेवढेच खळ दिलेले कागद बदलून देऊ. पक्ष्याची पाठ पुन्हा करण्यापुरते दोन-तीन आकार मात्र स्वतःकडे ठेवा.