घरचं आहे म्हणून कॅलरी माफ होत नाहीत

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. माहेरच्या, सोसायटीच्या आणि सकाळी आमराईत फिरायला येणाऱ्या आम्हा बायकांच्या. 'वजन कमी करायचंय? मोजू नका, फक्त घरचं खा.' खाली पाच मुद्दे. घरचं कितीही खाल्लं तरी वजन वाढत नाही. गूळ, घरचं तूप आणि घाण्याचं तेल अंगाला लागत नाही. चपाती सोडून ज्वारीची भाकरी धरा. हॉटेलात एकदा जेवलात की महिन्याची मेहनत पाण्यात. आणि कॅलरी मोजणं हे परदेशी खूळ आहे.

मी हे सगळं पूर्वी आठ महिने मनापासून पाळलं. वडापावसुद्धा तोंडात घातला नाही. वजन तीन किलोनं वाढलं. माझ्याच शरीरात काहीतरी बिघाड आहे असं वाटून मी रडलेही आहे. बिघाड काही नव्हता. पण तसं वाटून घेणाऱ्या बायका आजही त्या ग्रुपवर आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

पहिला, 'घरचं कितीही'. या एका शब्दानं सगळ्यात जास्त नुकसान केलंय. तुमच्या घरात पाच लिटरचा तेलाचा डबा किती दिवस जातो, ते आधी बघा. आमच्यात माणसं चार, डबा जायचा बरोबर महिनाभर. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो. चार माणसांत तीस दिवस वाटलं तर माणशी रोजचं ३८ ग्रॅम. एक ग्रॅम तेलाच्या ९ कॅलरी, म्हणजे रोजच्या जवळजवळ ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. यात तूप नाही, लोणी नाही, दाणे नाहीत. आणि आम्ही स्वतःला 'कमी तेलाचं खाणारे' समजत होतो.

एका रविवारी भरली वांगी करताना मी तराजू ओट्यावरच ठेवला. अर्धा किलो वांगी. एक वाटी शेंगदाण्याचा कूट, ९० ग्रॅम भरला. किसलेलं सुकं खोबरं ३० ग्रॅम. तेलाची किटली आधी आणि नंतर तोलली, फरक ६० ग्रॅमचा. वांग्यांच्या सव्वाशे कॅलरी, कुटाच्या पाचशेच्या वर, खोबऱ्याच्या दोनशे, तेलाच्या ५४०. चौघांत वाटलं तर प्रत्येकी साडेतीनशेच्या आसपास, भाकरीला हात लावायच्या आधी. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी उभ्या राहून बघत होत्या. "अगं, वांग्याची भाजी हाय की ही," एवढंच म्हणाल्या. मीही आठ महिने ती 'भाजी' म्हणूनच मनात धरत होते.

आपला अंदाज चुकतो, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्टीव्हन लिक्टमन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. 'आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही' असं सांगणारे दहा जण त्यात बारकाईनं तपासले गेले. त्यांच्या शरीराची ऊर्जा खर्च करण्याची गती नेहमीसारखीच निघाली. पण ते प्रत्यक्षात जेवढं खात होते, त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते. आपल्याकडे तर फोडणी डोळ्याच्या अंदाजानं आणि कूट मुठीनं.

दुसरा मुद्दा. घाण्याचं शेंगतेल चवीला उत्तम, मीही तेच आणते. पण तेल लाकडी घाण्याचं असो, रिफाइंड असो, नाहीतर घरी कढवलेलं तूप असो, १०० ग्रॅमला ९०० च्या आसपास कॅलरी असतातच. गुळाचंही तेच. सांगलीच्या मार्केट यार्डात गुळाच्या ढेपांमध्ये वाढलेल्या माणसांना गुळाविरुद्ध बोललेलं खपत नाही, मलाही खपत नाही. त्याला चव आहे, थोडं लोह आहे. पण गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, आणि वजनाला वजन घेतलं तर कॅलरीत फरक नावापुरता. साखरेच्या जागी दोन खडे गूळ 'चालतो' म्हणून चार खडे टाकले की हिशेब उलटा होतो. बेदाण्याचंही तसंच. तासगावकडचा मूठभर बेदाणा, ४० ग्रॅम धरा, म्हणजे १२० कॅलरी. तेवढ्याच कॅलरीत द्राक्षं पावणेदोनशे ग्रॅम येतात, आणि ती खाऊन पोट तरी भरतं.

तिसरा, भाकरी. ज्वारीचं पीठ आणि गव्हाचं पीठ कॅलरीत जवळजवळ सारखंच, १०० ग्रॅमला सव्वातीनशे ते साडेतीनशे. भाकरीचा खरा फायदा असा की तिच्या पिठात तेल पडत नाही आणि ती पोटात टिकते. मात्र आमच्याकडची एक भाकरी ९० ग्रॅम पिठाची असते आणि चपाती ३० ग्रॅमची. 'तीन चपात्या सोडल्या, दोन भाकरी धरल्या' याचा अर्थ पीठ दुप्पट झालं. भाकरी खाच, पण एक मोजा. वर लोण्याचा गोळा असेल तर तोही धरा.

चौथा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. माझ्या मावसबहिणीनं याच मेसेजपायी भाच्याच्या बारशाला पान नाकारलं. घरून डबा नेला आणि कोपऱ्यात बसून खाल्ला. असं कुणी जगू नये. एका जेवणात ६०० ऐवजी १२०० कॅलरी गेल्या, तर जास्तीच्या ६००. आठवड्यावर पसरल्या तर दिवसाला ८५. एक किलो चरबी साठायला साधारण ७७०० कॅलरी जादा लागतात. मग दुसऱ्या दिवशी काट्यावर किलोभर जास्त का दिसतं? मीठ आणि पिष्ट पदार्थ जास्त गेले की शरीर पाणी धरून ठेवतं, शिवाय पोटात अन्न असतं. नेहमीचं जेवण सुरू झालं की दोन-तीन दिवसांत ते उतरतं.

हॉटेलात तेल जास्त असतं, हे खरं. मिसळीचंच बघा. फरसाण ५० ग्रॅम असेल तर पावणेतीनशे कॅलरी, वरची तर्री दोन मोठे चमचे म्हणजे २४० च्या आसपास, दोन पाव दोनशे, आणि मटकीच्या उसळीच्या शंभर-सव्वाशे. माझा अंदाज आठशेचा. 'तर्री वेगळी द्या, फरसाण निम्मं' एवढं सांगितलं की ती पाचशेच्या खाली येते, आणि मिसळवाला हसत देतो. ढाब्यावर भाकरी, पिठलं, कांदा आणि ताक मागवलं तर घरच्या भरल्या वांग्याच्या जेवणाइतकंच किंवा कमीच होतं. मेनूवर कॅलरी छापायचा नियम केंद्रीय परवान्याच्या किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना आहे. आपल्या गल्लीतल्या मिसळीला तो लागू नाही, म्हणून हा अंदाज आपला आपल्यालाच शिकावा लागतो.

'बाहेरचं' म्हणून खरं जपायचं ते पाकिटातलं. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ साली वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं अन्न. हवं तेवढं खायची मुभा दोन्हीकडे होती. पहिल्या प्रकारात माणसं दिवसाला पाचशेच्या आसपास कॅलरी जास्त खाऊन गेली. आता ती क्रीमची बिस्किटं आणि चिप्स कुठे असतात? घरातल्याच डब्यात. ते मेसेजच्या हिशेबात 'घरचं' होतं.

पाचवा. मोजणं परदेशी कसं? निठवं, कोळवं, चिपटं, मापटं, पायली हे धान्य मोजायचे शब्द कुणाचे आहेत? आईंचं माहेर जतकडचं. त्या सांगतात, दुष्काळात ज्वारी मापट्यानं निघायची आणि तेल पळीनं. मोजल्याशिवाय महिना निघत नव्हता. शिवाय पाणी शेंदणं, जात्यावर दळणं आणि रानातलं काम. आज चक्की बिल्डिंगखाली आहे आणि तेलाचा डबा घरपोच येतो.

वांग्यांच्या त्या रविवारनंतर काही दिवसांनी आईंनी माळ्यावरून एक छोटी पितळी पळी काढली. चिंचेनं घासली, पुसली आणि माझ्या हातात दिली. मी तेल भरून तराजूवर धरली. ८ ग्रॅम. ती आता किटलीशेजारीच अडकवलेली असते. भाजीला तीन पळ्या, आमटीला दोन. नव्या डब्यावर पेनानं तारीख घालून ठेवली होती, तो ४५ दिवस गेला.