फुल बॉडी, फुल वसुली
ताप आला की डॉक्टरांकडे काय जायचं? लॅबकडेच जा, आणि पहिल्याच दिवशी टायफॉइडची विडाल तपासणी करा. ती पहिल्या आठवड्यात सहसा काही धड सांगत नाही, शिवाय जुन्या संसर्गामुळेही पॉझिटिव्ह येते. म्हणजे टायफॉइड असो वा नसो, गोळ्या मिळायची सोय झालीच. रक्तातले जंतू वाढवून बघणाऱ्या कल्चरचं मात्र पथ्य पाळा: आधी केमिस्टकडून अँटिबायोटिकचे दोन दिवस उरकायचे, मगच नमुना द्यायचा. जंतू सापडो न सापडो, बिल येतंच.

ठाण्यात घोडबंदर रोडला राहत असाल तर नशीबवान आहात. सकाळी साडेसहाला बॅग लटकावून मुलगा येतो, दंडाला रबर आवळतो आणि म्हणतो, "काका, मूठ उघड-बंद करा." जोर लावून करा! नुसत्या त्या कसरतीनेच रिपोर्टात पोटॅशियम वाढू शकतं. पुढे कासारवडवली, वाघबीळ, मानपाडा असे सिग्नल घेत ट्यूब लॅबला पोचेपर्यंत आतल्या पेशी तुमची साखर खात बसतात, तासाला 5 ते 7 टक्के. करड्या टोपीची फ्लोराइडची ट्यूब असते ती याच भानगडीसाठी. पण सकाळी सकाळी टोपीचा रंग विचारणारे आपण कोण?

आणि काहीच होत नसेल, तर 80 तपासण्यांचं पॅकेज घ्याच. नॉर्मलची रेघ मारतानाच 100 धडधाकट माणसांतले 5 जण बाहेर ठेवलेले असतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्या, तर निदान एक तरी आकडा रेघेबाहेर जायची शक्यता 64 टक्के. इथे तर 80 आहेत. आजार मिळाला नाही तर पैसे परत मागा!

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर चुकूनही कुणाला सांगू नका, थायरॉइडचे आकडे कसे मजेदार येतात बघा. एचबीएवनसी रक्तातल्या साखरेचा तीन महिन्यांचा हिशोब सांगते, म्हणून दर पंधरवड्याला करा.

मी सगळं केलं. जाड फाइल घेऊन नौपाड्यातल्या आमच्या जुन्या डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी ती न उघडताच बाजूला सरकवली.

"तुम्हाला होतंय काय?"

"तेच तर त्यात असेल ना, डॉक्टर," मी म्हणालो.